तापीचा आकडा आणि तापीचे चित्र

पावसाळा तोंडावर आला की सुरतेच्या लिंबायत, डिंडोली, उधना, नवागाम या भागांत पिढ्यानपिढ्या स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांच्या बोलण्यात दोन आकडे डोकावू लागतात : एक उकाई धरणाच्या पातळीचा, फुटांत, दुसरा तेथून सोडलेल्या पाण्याचा, क्युसेकमध्ये. सकाळची गुजराती वर्तमानपत्रे ते छापतात, दूरचित्रवाणीच्या पडद्याच्या तळाशी ते दिवसभर सरकत राहतात, आणि दुपारच्या पाळीला निघालेला लूमवरचा कारागीर चहाच्या टपरीवर उभ्याउभ्याच विचारतो, "काय भाऊ, आज उकाई कितीवर?" "तीनशे चौतीस," असे उत्तर येते, विचारणारा मान डोलावतो, सांगणाराही डोलावतो, आणि दोघे आपापल्या वाटेने चालू लागतात. त्या आकड्यावरून आज रात्री घरातले धान्याचे डबे माळ्यावर चढवावेत की नाहीत याचा निर्णय दोघांपैकी एकालाही करता येत नाही, आणि यात त्यांचा अणुमात्र दोष नाही, कारण तो निर्णय करण्यास लागणारी सामग्री त्या आकड्यात मुळी घातलेलीच नसते.

उकाई पूर्ण भरले म्हणजे ३४५ फूट, एवढे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु ते कोणत्या महिन्यात किती भरू द्यावयाचे याचा एक स्वतंत्र नियम असतो, आणि त्या नियमान्वये जुलै-ऑगस्टात पातळी पूर्णतेच्या बरीच खाली राखावयाची असते. कारण सिंचन आणि वीज यांच्याबरोबरच वरून अकस्मात येणारा लोंढा पोटात सामावून घेणे हेही या धरणाचे कर्तव्य ठरवलेले आहे, आणि आधीच भरलेल्या पोटाला ते साधत नाही. त्यामुळे ३३४ हा एकच आकडा जुलैच्या आरंभी काळजीचा असतो, तर सप्टेंबरच्या अखेरीस तोच आकडा धरण पुरते भरले नाही म्हणून हळहळण्याचा होतो. आता एका कागदावर आडव्या रेषेवर जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचे दिवस मांडावेत, उभ्या रेषेवर फूट मांडावेत, नियमाने अनुज्ञा दिलेली पातळी दाखवणारी चढती रेषा शाईने काढावी, आणि आजच्या पातळीचा ठिपका पेन्सिलीने द्यावा. ठिपका रेषेच्या खाली असला तर स्वस्थ झोपावे. वर असला तर डबे माळ्यावर न्यावेत. ज्यास हल्ली इन्फोग्राफिक अथवा माहितीचित्र म्हणतात आणि ज्याच्या नावाने कार्यशाळा भरतात, त्या प्रकाराची सगळी थोरवी या एका ठिपक्यात आणि एका रेषेत आली, असे आमचे मत आहे. रंग, बोधचिन्हे, हसरे चेहरे आणि मान्यवरांची छायाचित्रे ही सारी नंतरची भर.

दुसरा आकडा पाण्याचा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर, हे शाळेत पाठ केलेल्यासही 'एक लाख क्युसेक' हे शब्द ऐकून डोळ्यांपुढे काही दिसत नाही. ऑगस्ट २००६ च्या दुसऱ्या आठवड्यात उकाईतून सोडलेला विसर्ग नऊ लाख क्युसेकच्या घरात गेला होता. त्याचे लिटर केले तर सेकंदाला अडीच कोटी भरतात. उन्हाळ्यात आपल्या सोसायटीत येतो तसला दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर घड्याळाच्या प्रत्येक टिकटिकीला अडीच हजार टँकर नदीपात्रात रिते होत आहेत अशी कल्पना करावी लागेल. होप पुलापाशी धोक्याची पातळी साडेनऊ मीटर धरतात. त्या आठवड्यात पाणी बारा मीटरांच्या वर गेले आणि शहराचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग पाण्याखाली गेला. धरण आधीच अधिक भरून ठेवले होते की काय, पाणी वेळेवर सोडले असते तर काय झाले असते, यावर पुढे पुष्कळ वाद माजला आणि त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. येथे प्रस्तुत आहे ते एवढेच की, त्या दिवसांत लोकांपाशी आकड्यांची वाण नव्हती. विसर्ग दोन लाखांवरून चार लाखांवर गेला, मग सहावर गेला, हे कानांवर येतच होते. परंतु चार लाखांस आपल्या गल्लीत पाणी शिरते की सहा लाखांस, घोट्याइतके शिरते की छातीइतके, हे सांगणारे चित्र त्यांपैकी कितीजणांच्या घरी होते? पुरानंतर नकाशे झाले, आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे झाले, आणि या बाबतीत सुरतेने देशातील अनेक शहरांच्या पुढे मजल मारली हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. तथापि तो तपशील दफ्तरी जितका आहे तितका दारी नाही.

यात मराठी वाचकाचा विशेष संबंध कोठे येतो, हे पाहण्यासाठी तापीचा उगम ते मुख असा सगळा प्रवास ध्यानात घ्यावा लागतो. मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यातील मुलताईपाशी उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत येणाऱ्या या नदीचे पाणलोट क्षेत्र ६५ हजार चौरस किलोमीटरांच्या थोडे वर आहे. त्यांपैकी ५१ हजारांहून अधिक महाराष्ट्रात पडते, आणि गुजरातच्या वाट्याला चार हजारदेखील येत नाही. म्हणजे सुरतेस बुडवणारे पाणी पाचांपैकी चार हिश्श्यांनी महाराष्ट्राच्या भूमीवर पडलेले असते. अकोला-बुलढाण्याकडून पूर्णा येते आणि चांगदेवापाशी तापीस मिळते. पुढे भुसावळजवळ हतनूरचे धरण. मग गिरणा, मग पांझरा. मग प्रकाशे, आणि मग उकाईचा विस्तीर्ण जलाशय. ज्या मुलखातून लिंबायतेतील माणसे पोटासाठी आगगाडीने आली, त्याच मुलखातून त्यांच्यामागोमाग नदीही आली, असे म्हटले तर ते केवळ काव्य होणार नाही. रावेर-यावलकडे राहणारा भाऊ बहिणीस फोनवर सांगतो की तीन दिवस झड लागली आहे, कपाशीत पाणी साचले आहे. जळगावच्या वर्तमानपत्रात मथळा येतो की हतनूरच्या ४१ दरवाजांपैकी अमुक इतके उघडले. हे सारे ऐकणारी ती बहीण डिंडोलीत बसलेली असते, आणि दोन-चार दिवसांनी आपल्या उंबऱ्याशी येऊ पाहणाऱ्या पाण्याची पूर्वसूचना आपल्या हाती पडली आहे, हे तिच्या गावीही नसते. अर्धी हकीकत मराठीत जळगावला छापली जाते, अर्धी गुजरातीत सुरतेस. दोन्हींचा सांधा ज्यावर जुळावा असा कागद आम्ही कोणाच्याही घरी पाहिलेला नाही.

असा कागद कसा असावा, याचा आदर्श दीडशे वर्षांपूर्वी घालून दिलेला आहे. शार्ल जोझेफ मिनार या फ्रेंच अभियंत्याने, आयुष्यभर पूल आणि रस्ते यांच्या खात्यात चाकरी करून निवृत्त झाल्यावर, १८६९ साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, नेपोलियनच्या १८१२ च्या रशियावरील स्वारीचे एक चित्र काढले. त्यात ना तोफा आहेत ना घोडे. आहे तो एक पट्टा. नीमन नदी ओलांडताना ४ लाख २२ हजार सैनिकांइतका रुंद असलेला हा पट्टा मॉस्कोकडे सरकता सरकता निमुळता होत जातो, आणि परतीच्या वाटेवर काळा होऊन, उतरत्या तपमानाची रेषा पायाशी घेऊन, अखेरीस दहा हजारांच्या दोऱ्याइतका उरतो. मिनारने प्रमाण घेतले होते दहा हजार माणसांस एक मिलिमीटर. हेच प्रमाण आपण तापीस लावून पाहू : दहा हजार क्युसेकला एक मिलिमीटर. पावसाळ्यातल्या एखाद्या निवांत दिवसाची तापी मग दोन-तीन मिलिमीटरांची रेघ होते. २००६ ची तापी नऊ सेंटिमीटरांचा, प्रौढ माणसाचा तळवा झाकून टाकील एवढा पट्टा होते. कागदाच्या उजव्या अंगास मुलताई, डाव्या अंगास डुमसचा समुद्र; मधे हतनूर, प्रकाशे, उकाई, सिंगणपोरचा कॉजवे; प्रत्येक ठिकाणाखाली पाणी तेथून पुढच्या ठिकाणी पोहोचण्यास लागणारे तास. हा कागद एकदा छापून भिंतीस लावला, आणि कॉजवेपाशी पाणी सहा मीटरांच्या वर गेले की रांदेरकडची ती वाट बंद करतात हे त्यावर लिहिले, की सातवीतल्या मुलीस जे कळेल ते आज नगरसेवकासही कळत नाही.

आता हल्ली जे प्रत्यक्षात आपल्या हाती येते त्याकडे पाहावे. मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या रंगीत चित्रांत वरच्या अर्ध्या भागात शासनाचे आणि योजनेचे बोधचिन्ह, बाजूस दोन-तीन हसऱ्या प्रतिमा, मधोमध एक भला थोरला आकडा आणि त्याखाली पाण्याचा थेंब, कणीस किंवा वर जाणारा बाण. मागील वर्षी किती, प्रमाण कोणते, एकक कोणते, हे विचारू नये. व्हिएन्नामध्ये १९२५ साली समाज आणि अर्थव्यवहार यांचे संग्रहालय उभारणारे ऑटो नॉयराथ यांनी अल्पशिक्षित कामकऱ्यांस शहराचा कारभार समजावा म्हणून जी चित्रपद्धती बसवली, तिचा पहिला दंडक असा होता की मोठी संख्या दाखवण्यासाठी चित्र मोठे करावयाचे नाही. त्याच आकाराची चित्रे अधिक संख्येने मांडावयाची. या दंडकामागील कारण साध्या भूमितीचे आहे. विसर्ग तीन लाखांवरून नऊ लाखांवर गेला हे दाखवण्यासाठी एखाद्या उत्साही कारकुनाने थेंबाची उंची तिप्पट केली, तर प्रमाण सांभाळण्यासाठी रुंदीही तिप्पट होते, आणि कागदावर नऊपट जागा व्यापणारा थेंब पाहून वाचकाच्या मनात भीतीही नऊपट शिरते. हाच थेंब विसर्गाच्या वाढीसाठी न वापरता योजनेच्या यशासाठी वापरला, की भीतीच्या जागी अभिमान शिरतो. दोन्ही वेळा खोटे कोणी बोललेले नसते. लेखातील असत्य वाचकास ओळीगणिक अडखळवते. चित्रातले असत्य एका दृष्टिक्षेपात घशाखाली उतरते. म्हणून जो समाज चित्रे पाहतो परंतु काढीत नाही, त्याला फसवणे सोपे असते.

येथे १९९४ च्या सप्टेंबराची आठवण अपरिहार्य आहे. प्लेगच्या वार्तेने लाखो माणसे बोचकी बांधून सुरत स्टेशनावर लोटली, त्यांत खानदेशाकडे जाणाऱ्या गाड्यांत चढलेली आमची माणसेही होती. आणि त्या दिवसांत जो तो जो आकडा सांगत होता तो दुसऱ्याच्या आकड्यापेक्षा मोठा होता. पुढल्या वर्षी आयुक्त एस. आर. राव यांनी शहराचे सहा विभाग करून, अंमलदारांस वातानुकूलित दालनांतून उठवून रोज गल्लीत उभे केले, आणि दोन वर्षांच्या आत स्वच्छतेत चंदीगडखालोखाल सुरतेचे नाव आले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या कथेत झाडूवाल्यांचे आणि दंडाच्या पावत्यांचे श्रेय जसे आहे, तसे दररोज त्याच वेळी, त्याच नमुन्यात, खालून वर जाणाऱ्या अहवालांचेही आहे, असे आम्ही समजतो. फक्त ते अहवाल वर गेले. रहिवाशाकडे त्यातले काही उलट आले असते, तर पुढील साथीच्या वेळी आकड्यांवर विश्वास ठेवण्याची सवय त्यासही जडली असती.

लोकांच्या हातात खरोखरीच पोहोचलेले आणि लोकांच्याच घरात राहणारे असे एक माहितीचित्र मात्र आपल्या देशात गेल्या पाच दशकांपासून आहे, आणि ज्यांना या विषयावर व्याख्याने द्यावयाची आहेत त्यांनी आधी अंगणवाडीत जाऊन ते पाहावे, अशी आमची नम्र सूचना आहे. डेव्हिड मॉर्ले या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने नायजेरियातील इलेशा गावी काम करीत असताना मुलांच्या वजनाचा जो तक्ता सिद्ध केला, त्याचा वंशज आज ममता दिवशी, म्हणजे माता-बालकांच्या तपासणीच्या दिवशी, लिंबायतच्या अंगणवाडीत आईच्या पिशवीतून बाहेर येणाऱ्या कार्डावर छापलेला असतो. आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर किलो. हिरवा पट्टा, त्याखाली पिवळा, त्याखाली नारिंगी. मुलगा आणि मुलगी यांचे तक्ते निरनिराळे. सेविका मूल काट्यावर ठेवते, वजन पाहते, महिन्याच्या रकान्यातून बोट वर नेते, किलोच्या रेघेवर थांबते, आणि ठिपका देते. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की ठिपका हिरव्यात पडला म्हणजे काम संपले.

वस्तुतः मॉर्लेच्या तक्त्याचा जीव ठिपक्यात नसून ठिपके जोडणाऱ्या रेषेत आहे. एका मुलीचे वजन नवव्या महिन्यात साडेसात किलो, दहाव्यात साडेसात, अकराव्यात साडेसात. तिन्ही ठिपके हिरव्या पट्ट्यात सुखाने बसतात, रजिस्टरात 'साधारण' असा शेरा पडतो. परंतु रेषा आडवी पडली आहे, आणि आडवी रेषा म्हणजे मूल तीन महिने वाढलेले नाही, जुलाब झाले असतील, आईचे दूध तुटून वरचे अन्न सुरू झाले नसेल, काही तरी बिनसले आहे. शेजारच्या मुलीचे वजन सहा, सहा किलो तीनशे, सहा किलो सातशे. तिन्ही ठिपके पिवळ्यात, शेरा काळजीचा, पण रेषा वर चढते आहे, आणि ही मुलगी पहिलीपेक्षा सुरक्षित आहे. ही गोष्ट आकड्यांच्या रकान्यातून पदवीधर बापासही सहजी कळत नाही आणि तक्त्यावरून अक्षरशत्रू आजीस कळते, परंतु एका अटीवर : रेषा काढताना आजी शेजारी बसलेली असली पाहिजे आणि 'वर गेली तर बरे, आडवी पडली तर सावध, खाली आली तर दवाखाना' हे तिला कोणीतरी एकदा समजावून सांगितलेले असले पाहिजे. कार्ड आईच्याच घरी राहावे असा मॉर्लेचा आग्रह होता तो याचसाठी. आमच्याकडे बहुधा होते असे की मूल रडत असते, बाहेर रांग असते, महिनाअखेरीचे पत्रक वर पाठवावयाचे असते; सेविका वजन वहीत उतरवते आणि ठिपके दुपारी सवडीने, आयांच्या पश्चात, एकदम देते. २०२१ पासून पोषण ट्रॅकर नावाची व्यवस्था आल्यावर वजन मोबाइलमध्ये भरले की वर्गवारी आपोआप होते, मंत्रालयास तत्काळ दिसते, आणि याचे लाभ आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या घरात ती मुलगी जेवते तेथील माणसांच्या डोळ्यांदेखत रेषा वळण्याचा प्रसंग त्यामुळे आणखी एका पायरीने दूर गेला.

अंगणवाडी हे नाव ज्या कार्यातून पुढे आले, त्या ताराबाई मोडकांची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. शिवाय ती आठवण या शहरात, गुजरात आणि महाराष्ट्र यांच्या सांध्यावर बसून काढणे अधिकच उचित. गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरास दक्षिणामूर्तीचे बालमंदिर उघडले. ताराबाई तेथे त्यांना येऊन मिळाल्या, १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली, आणि पुढे ताराबाईंनी तीच विद्या मराठीत आणून १९४५ मध्ये बोर्डीस, नंतर १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत नेली. सुरतेहून मुंबईस जाणारी गाडी डहाणूपूर्वी ज्या मुलखातून जाते तोच हा मुलूख. या बालमंदिरांत मॉन्टेसोरीच्या दहा दांड्या असत, लाल आणि निळ्या तुकड्यांनी रंगवलेल्या. सर्वांत आखूड दांडी दहा सेंटिमीटरांची, सर्वांत लांब एक मीटरची. चार वर्षांचे मूल त्या दांड्या जाजमावर एकीखाली एक लावते, एका बाजूची टोके हाताने सारखी करते, आणि दुसऱ्या बाजूस पायऱ्या आपोआप तयार होतात. दहापर्यंतचे अंक लिहिता येण्यापूर्वी त्या मुलाने स्तंभालेख काढलेला असतो! कोसबाडला महागडे साहित्य नव्हते, तेव्हा शिंपले, बिया, खडे, पाने यांवर तेच काम भागले. पाहण्यासाठी साहित्य मांडून ठेवावयाचे नसून मुलाच्या हातून मांडून घ्यावयाचे असते, हे त्या पंथाचे मूळ सूत्र.

या सूत्राची आजच्या शाळांतील अवस्था काय? सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत शाळा चालवते, आणि अशी उदारता दाखवणारी शहरे भारतात फार नाहीत. त्या शाळांच्या, आणि आपल्याकडील कोणत्याही शाळेच्या, भिंती पाहाव्यात तर तक्त्यांनी भरलेल्या असतात : पचनसंस्था, सूर्यमाला, राष्ट्रीय प्रतीके, घनकचऱ्याचे प्रकार. त्यांपैकी बरेचसे तपासणीच्या आदल्या आठवड्यात स्टेशनरीच्या दुकानातून आलेले असतात, आणि वर्षभर एकाच जागी राहिल्याने मुलांना ते भिंतीच्या रंगाइतकेच दिसेनासे होतात. गणिताच्या पुस्तकात चित्रालेख आणि स्तंभालेख यांचा धडा असतो. त्यात आंबे, चेंडू, नाही तर वर्गातील मुलांची आवडती फळे मोजलेली असतात. परीक्षेपुरता तो होतो. मुलांच्या घरात ज्या आकड्याने झोप उडते तो आकडा त्या धड्यात कधी शिरत नाही.

सामान्य कामकऱ्याच्या मुलांस आलेख झेपणार नाही, त्यांना चित्रे साधी, ठळक, बाळबोधच द्यावीत, असा एक सूर सुशिक्षितांत ऐकू येतो. तो आम्हांस सुरतेत तरी मुळीच पटत नाही. जॅकार्डच्या मागावर विणल्या जाणाऱ्या साडीचे बुट्टे आधी चौकटीच्या कागदावर उतरवतात. प्रत्येक उभी ओळ ताण्याच्या एका धाग्याची, प्रत्येक आडवी बाण्याच्या एका फेकीची. भरलेला चौकोन म्हणजे धागा वर उचलायचा, रिकामा म्हणजे खाली सोडायचा. त्या कागदाबरहुकूम पुठ्ठ्याच्या पत्त्यांस छिद्रे पाडीत आणि पत्त्यांची माळ मागावर चढवीत. आता तेच काम संगणक करतो. ज्या घरांतले बाप-काके असल्या कागदावरील एका चुकलेल्या चौकोनाचा परिणाम शंभर मीटर कापडात ओळखतात, त्या घरांतील मुलांस दोन अक्षांचा आलेख अवघड जाईल म्हणणे म्हणजे ती घरे पाहिलेली नसणे होय.

दुसरा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे. चित्राने विचार उथळ होतो, वाचनाची सवय मोडते, चार ओळींचा मजकूर आणि चार चिन्हे पाहून माणूस आपणांस सर्व समजले असे मानू लागतो, हे म्हणणे खोटे नाही. चित्र बहुभाषिक शहरात भाषेचा अडसर दूर करते हेही आम्ही अर्धेच खरे मानतो. घरी अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी बोलणाऱ्या मुलास लाल पट्ट्याचा अर्थ सांगावाच लागतो. ज्या लाल रंगाचे कुंकू आई लावते, तो नदीच्या तक्त्यात संकटाचा का, हे उपजत कोणास कळत नाही. म्हणून आलेखाशेजारी चार वाक्ये हवीत, ती त्या घराच्या भाषेत हवीत, आणि ती मुलाने स्वतः लिहिलेली असली तर सोन्याहून पिवळे. हिवरे बाजारच्या ग्रामसभेत पावसाच्या मोजणीवरून वर्षाचा पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून कोणती पिके घ्यावयाची ते ठरवतात. तेथे फळ्यावरील आकड्यांइतकीच त्यांवर होणारी हुज्जत महत्त्वाची असते. पोपटराव पवारांच्या गावाची वाखाणणी करणाऱ्यांनी कौतुकाचा बराचसा भाग त्या हुज्जतीस द्यावयास हवा.

तेव्हा आमची मागणी थोडकी आहे, आणि ती सुरतेतील मराठी शाळांपुरती सांगतो. इतर सहा माध्यमांनी ती उचलली तर आनंदच आहे. शाळा जूनमध्ये उघडतात. तापीची खरी कसोटी बहुधा ऑगस्टात लागते. मधल्या दोन महिन्यांत सहावी-सातवीच्या प्रत्येक वर्गाने चौकटीच्या कागदाचे तुकडे चिकटवून एक लांब पट्टी करावी, तीवर नियमाची रेषा शिक्षकाने शाईने काढावी, आणि रोज परिपाठानंतर पाळीपाळीने एका मुलाने उकाईचा त्या दिवसाचा ठिपका पेन्सिलीने द्यावा. हतनूरचा विसर्ग खाली निराळ्या रकान्यात, मिनारच्या प्रमाणाने, रंगीत खडूच्या पट्टीने भरावा. ज्यांचे आजोळ भुसावळ, चोपडा, शहादा या बाजूस आहे त्या मुलांनी तेथील पावसाची खबर फोनवरून आणावी आणि ती तारखेसह लिहावी. कोणी ठिपका चुकवील, दुसऱ्या दिवशीचे मूल ती चूक पकडील, वर्गात तंटा होईल. तो होऊ द्यावा. शनिवारी मुलांनी तीच पट्टी लहान करून वहीत उतरवावी आणि घरी दाखवावी. यास खर्च म्हणाल तर दोन-तीन कागद आणि एक पेन्सिल.

राहिला प्रश्न आकड्यांचा. पाटबंधारे खाते आणि महानगरपालिका यांजकडे ते दर तासाचे असतात. शाळा भरण्यापूर्वी ते एका ठरलेल्या नमुन्यात, एकक आणि वेळ यांसह, मराठीतही देण्याची तजवीज करणे यांत कोणत्याही नव्या फर्मानाची गरज दिसत नाही. जळगाव जिल्हा प्रशासनाकडून हतनूरची माहिती दर पावसाळ्यात उकाईच्या नियंत्रण कक्षास जातेच. तिची एक प्रत लिंबायतेकडे वळवणे अवघड नसावे. अडचण आलीच तर ती एवढीच येईल की, मुलांच्या पट्टीवर ठिपका नियमाच्या रेषेच्या वर सलग चार दिवस राहिला, तर पाचव्या दिवशी पालक विचारण्यास येतील, आणि धरण इतके का भरून ठेवले आहे याचे उत्तर त्यांस कोणीतरी द्यावे लागेल.